विद्यापीठाच्या आधीचा कायद्याचा वर्ग

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, आमच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी आईला घेऊन घरी आली. आमच्याकडे दहावी झालेली, पुढे गावातल्याच पी.यू.सी. कॉलेजातून बारावी. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून ती उभीच राहिली आणि आईने विषय काढला. मुलीला लॉ करायचे होते, तेही लगेच, बारावीच्या निकालावर. आईला ते पटत नव्हते.

"सर, आमच्या भावोजींनी आधी बी.ए. केलं, मग लॉ. ही म्हणते, आता तसं लागत नाही. विद्यापीठाचं तोंड न बघता कायदा शिकायचा, असं कुठं असतं का?"

मी त्यांना सांगितले की पाच वर्षांचा हा अभ्यासक्रम काही नवा नाही. बारावीनंतर कायदा शिकवण्याचा बार कौन्सिलचा निर्णय १९८२ मधला आणि बंगळूरचे नॅशनल लॉ स्कूल १९८८ पासून तसेच शिकवते आहे. आईंचे समाधान झाले, मुलीचा चेहरा खुलला, चहा झाला आणि दोघी गेल्या. परंतु त्या माउलीचे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आपल्याकडे पी.यू.सी. कॉलेजच्या पाटीवर कानडीत 'पदवी पूर्व' असे लिहिलेले असते. पदवीच्या पूर्वी! इतिहासाचा मास्तर असल्यामुळे मला हसू आले. कारण आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात कायद्याचा वर्ग पदवीच्या पूर्वीच नव्हे, तर पदवी देणारे विद्यापीठ जन्माला येण्याच्याही पूर्वी सुरू झाला होता. त्या वर्गाच्या मुळाशी भाषेचे एक भांडण आहे. आपण दोन भाषांच्या मुलखात राहणारी माणसे, म्हणून ते भांडण आपल्याला परके वाटणार नाही.

मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला १८ जुलै १८५७ रोजी. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत कायद्याच्या प्राध्यापकाची नेमणूक झाली १८५५ मध्ये. आजचे मुंबईचे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज आपला जन्म त्या सालापासून मोजते. विद्यापीठाशी त्याचे नाते जोडले गेले ते १८६० मध्ये. मधली पाच वर्षे कायदा शिकवणारा होता, शिकणारे होते, पण शिकून झाल्यावर बी.ए. की एल्‌एल.बी. म्हणायला कोणी नव्हते.

ही प्राध्यापकाची जागा सरकारने आपण होऊन काढलेली नव्हती. सर थॉमस अर्स्किन पेरी हा मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश. तो १८४१ मध्ये इकडे आला आणि १८४७ मध्ये मुख्य न्यायाधीश झाला. त्याच सुमारास तो बोर्ड ऑफ एज्युकेशनचाही अध्यक्ष होता, म्हणजे इलाख्यातल्या शाळांची दोरी त्याच्या हाती होती. कोर्टाचे काम सांभाळून तो एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांपुढे कायद्यावर व्याख्याने देत असे. १८५२ मध्ये तो निवृत्त होऊन विलायतेला निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या स्मरणार्थ वर्गणी गोळा केली. पुतळा किंवा तसबीर न करता त्या पैशातून कायद्याच्या प्राध्यापकाची गादी निर्माण करावी, असे ठरले. तिला पेरीचे नाव मिळाले आणि पहिले 'पेरी प्रोफेसर' झाले डॉ. आर. टी. रीड. ज्यांनी या कामी पुढाकार घेतला, त्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. आपले नाना शंकरशेट.

नाना आणि पेरी म्हणजे काही मित्रांची जोडी नव्हे. शिक्षण कोणत्या भाषेत द्यायचे यावर बोर्डात त्या दोघांचे कडाक्याचे भांडण झाले होते. साल १८४७. पेरीचे म्हणणे असे की, सरकारकडे पैसा थोडा. तो सर्वांवर शिंपडण्यापेक्षा थोड्यांना इंग्रजीतून उत्तम शिकवावे, मग ते ज्ञान पाझरत खाली जाईल. नानांचे म्हणणे असे की, परक्या भाषेतून मूठभर माणसे शहाणी होतील, पण लोकांत ज्ञान पसरायचे असेल तर ते मातृभाषेतूनच पसरेल. नाना इंग्रजीचे वैरी नव्हते. एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत त्यांचा हात होता. त्यांचा विरोध इंग्रजीला नसून 'फक्त इंग्रजीला' होता. बोर्डातले बाकीचे देशी सभासद त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि एक गोरा गृहस्थही, कर्नल जर्व्हिस. या जर्व्हिसने त्याच्या आधी वीस-पंचवीस वर्षे मुंबईच्या इंजिनिअरिंग वर्गात मराठीतून गणित शिकवून दाखवले होते. त्यामुळे देशी भाषेत शास्त्र शिकवता येत नाही, हे त्याला कोणी पटवणे शक्यच नव्हते. सरकारने पुढे पुरता कौल कोणालाच दिला नाही. खालच्या शाळा देशी भाषेत आणि वरचे शिक्षण इंग्रजीत, अशी जी वाट पडली ती आजतागायत फारशी बदललेली नाही.

पेरीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हिंदुस्थानात कोणती भाषा कुठे बोलली जाते यावर त्याने एक निबंध लिहिला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तो १८५३ मध्ये छापून आला. मराठीचा मुलूख कुठला, कानडीचा कुठला, याची चर्चा त्यात आहे आणि त्याच निबंधात, या सगळ्यांची सामायिक भाषा म्हणून इंग्रजी आणता येईल काय, हाही प्रश्न आहे. आपण ज्या रेघेवर पिढ्यान्‌पिढ्या राहत आलो, ती रेघ एक न्यायाधीश मुंबईत बसून न्याहाळत होता आणि तिच्यावर औषध म्हणून तिसरी भाषा सुचवत होता!

अशा माणसाच्या नावाने गादी स्थापण्यासाठी नानांनी पुढाकार घ्यावा, याचे मला विद्यार्थिदशेत नवल वाटे. आज वाटत नाही. नानांनी हिशेब ओळखला होता. सुप्रीम कोर्टाचे कामकाज इंग्रजीत चाले आणि तेथे उभे राहायचे ते गोऱ्या बॅरिस्टरांनी. आपल्या पोरांना तो कायदा शिकवल्याखेरीज त्या दाराला हात लागणार नव्हता. भाषेचा तंटा चालू ठेवूनही दार उघडून घेता येते, एवढा व्यवहार त्यांच्यापाशी होता.

मुंबईच्या बाहेरचे जग निराळे होते. एल्फिन्स्टनसाहेबाच्या १८२७ च्या नियमांप्रमाणे जिल्ह्याजिल्ह्यांत कंपनीची कोर्टे बसली होती. तेथले काम देशी भाषेत चाले आणि सनद मिळवलेले वकील तेथे उभे राहत. हे वकील कुठल्या वर्गात शिकत नसत. जुन्या वकिलाच्या ओटीवर बसायचे, अर्ज खरडायचे, मोडी वाचायची, पक्षकाराची कैफियत ऐकायची, हेच त्यांचे कॉलेज. हिंदू धर्मशास्त्राचा प्रश्न निघाला की कोर्टाचे शास्त्रीबुवा असत. दत्तक चालतो की नाही, विधवेचा हिस्सा किती, असे प्रश्न न्यायाधीश त्यांना लेखी विचारी आणि शास्त्री ग्रंथाधार दाखवून उत्तर देत. १८६४ च्या कायद्याने या शास्त्र्यांच्या जागा गेल्या. परंतु त्यांची उत्तरे वाया गेली नाहीत. रेमंड वेस्ट हा न्यायाधीश आणि एल्फिन्स्टन कॉलेजातला जर्मन पंडित गेओर्ग ब्यूलर, या दोघांनी इलाख्यातल्या कोर्टांच्या दप्तरांतून ती उत्तरे जमवली आणि त्यांवर हिंदू कायद्याचा इंग्रजी ग्रंथ रचला. त्याचा पहिला भाग १८६७ चा. पुढे तो ग्रंथ वकिलांच्या कपाटात कायमचा जाऊन बसला. पोथीतले ज्ञान शास्त्र्यांच्या तोंडून निघाले आणि इंग्रजीत जाऊन प्रमाण झाले. ज्यांच्या घरचा कायदा, त्यांनाच तो वाचून दाखवायला आता वकील लागू लागला.

१८६२ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत मोडून हायकोर्ट झाले आणि हे दोन जगांचे पाणी एकत्र आले. त्याच वर्षी विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे त्यांतले एक. रानड्यांचे शालेय शिक्षण कोल्हापुरात झाले आणि पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाले, तेव्हा विद्यापीठाच्या परीक्षा सुरू व्हायच्या होत्या. मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली १८५९ मध्ये. म्हणजे ज्या शिडीवरून चढायचे ती शिडी त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक पायरी करून बांधली जात होती. १८६६ मध्ये ते एल्‌एल.बी. झाले, १८७१ मध्ये ॲडव्होकेटची परीक्षा उतरले आणि १८९३ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. पेरीच्या नावाच्या गादीला याहून चांगले फळ कोणते यावे? आणि तरीही हेच रानडे विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडत राहिले. नाना आणि पेरी यांचे भांडण एकाच माणसात समेटाने नांदू शकते, याचे मला तरी दुसरे उदाहरण माहीत नाही.

पदवीवाल्यांची ही कहाणी झाली. पण जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कोर्टात जो वकील लोकांना भेटे, तो पुष्कळदा पदवीवाला नसे. डिस्ट्रिक्ट प्लीडरची परीक्षा नावाची एक वाट होती. वल्लभभाई पटेल १८९७ मध्ये नडियादला मॅट्रिक झाले. कॉलेजला जाण्याची ऐपत नव्हती. त्यांनी वकिलांकडून पुस्तके मागून आणून अभ्यास केला, १९०० मध्ये ही परीक्षा दिली आणि गोध्र्याला वकिली मांडली. विलायतेला जाऊन बॅरिस्टर होणे पुष्कळ नंतरचे. त्या माउलीला हे मी त्या दिवशी सांगायला हवे होते, विसरलो.

या परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शिकवणार कोण? १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर टिळकांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला. त्यावर त्यांचा चरितार्थ होता. स्वतः एल्‌एल.बी. असून त्यांनी वकिलीचा धंदा केला नाही, पण खेड्यापाड्यांतून आलेली पोरे वकील करून परत पाठवली. नरसिंह चिंतामण केळकर साताऱ्याची वकिली सोडून पुण्याला आले, ते आधी या वर्गाच्या मदतीलाच.

टिळकांना स्वतःला तो कायदा कुठे वापरावा लागला, हे आपण जाणतोच. १९०८ च्या जुलैत मुंबईच्या हायकोर्टात राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी आपली बाजू आपणच मांडली. एकवीस तासांहून अधिक काळ ते बोलले. शाळेत आम्ही हा प्रसंग शिकवतो तेव्हा शेवटच्या त्या बाणेदार उद्गारांवर सगळा भर देतो. मला मात्र मधला भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. लेख मराठीत, 'केसरी'तले. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. लेखांचे इंग्रजी भाषांतर त्यांच्यापुढे ठेवलेले. टिळकांनी हायकोर्टाच्या भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. एकेका मराठी शब्दाला इंग्रजीत कोणता शब्द घातला आहे, त्याने अर्थ कसा भडक झाला आहे, हे दाखवत गेले. ज्या भाषेत आपण लिहिले ती ज्यांना येत नाही, त्यांनी आपला हेतू ठरवायचा! सात विरुद्ध दोन असा कौल पडला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. भाषांतर नीट असते तर निकाल फिरला असता असे नाही. पण कोर्टात भाषांतर म्हणजे काय चीज आहे, हे त्या खटल्याइतके दुसऱ्या कोणी शिकवलेले नाही.

स्त्रियांची कथा याहून खडतर. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून १८९२ मध्ये तेथली परीक्षा उतरल्या, १८९७ मध्ये मुंबईच्या एल्‌एल.बी. झाल्या. शिक्षण झाले, सनद नाही. स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा झाला १९२३ मध्ये.

आपल्या बाजूला लॉ कॉलेजे हळूहळू जवळ येत गेली. पुण्याचे आय.एल.एस. १९२४ चे, कोल्हापूरचे शहाजी लॉ कॉलेज १९३३ चे, बेळगावचे राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ चे. कॉलेज घराजवळ आले. कायद्याची भाषा जवळ आली का, हा प्रश्न वेगळा. खालच्या कोर्टांचे आपल्याकडे कानडी झाले, पलीकडे मराठी झाले. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे इंग्रजीत. १८४८ ची वाट ती हीच.

हे सगळे मी पुस्तकातून शिकलो. पण त्याच्या आधी घरातल्या एका कागदाने शिकवले होते. आमच्या आजोबांचे एक शेत मुंबई सरकारच्या काळात गहाण पडले होते. गहाणखत मराठीत, मोडी लिपीत. ते सोडवण्यासाठी आजोबांनी तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. तोवर आम्ही म्हैसूर राज्यात आलो होतो. १४ मार्च १९६६ रोजी निकाल झाला. वकिलांची तब्येत तेव्हा बरी नव्हती. त्यांच्या कारकुनाने १६ एप्रिलच्या शनिवारी, बाजारच्या दिवशी, निकालाची नक्कल आजोबांच्या हाती ठेवली. कागद इंग्रजीत. कानडीत असता तर शेजारच्या अप्पण्णांनी घडघडा वाचून दाखवला असता. मराठीत असता तर आजोबाच वाचते. इंग्रजी म्हणून गावातल्या चार इयत्ता इंग्रजी शिकलेल्या एका गृहस्थाकडे नेला. 'सूट डिसमिस्ड विथ कॉस्ट्स' यातला शेवटचा शब्द त्यांना कळला. ते म्हणाले, "तात्या, खर्चसुद्धा मिळणार तुम्हाला."

आजोबांनी तो कागद देवघरात ठेवला. पेरणी आटोपल्यावर, आषाढात, खर्चाच्या वसुलीची नोटीस आली तेव्हा खरे काय ते कळले. खर्च मिळायचा नव्हता, द्यायचा होता. अपिलाची मुदत तीस दिवसांची. ती केव्हाच टळली होती.

वडील तेव्हा चोवीस वर्षांचे. त्यांनी त्या वाचणाऱ्या गृहस्थांना कधी दोष दिला नाही. ते म्हणत, "कागद हातात पडला तेव्हाच महिना उलटून तीन दिवस झाले होते. बिचाऱ्यानं बरोबर वाचलं असतं तरी काय उपयोग होता?" या एका हिशेबावर त्यांनी साठ वर्षे मन शांत ठेवले. मीही तो हिशेब तसाच मानत आलो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी फराळाला आली. कायद्याची दोन वर्षे पुरी झालेली. बोलता बोलता गोष्ट निघाली आणि मी ट्रंकेतून ती नक्कल काढून तिच्यापुढे ठेवली. तिने निकाल वाचलाच नाही. कागद उलटा केला आणि मागचा शिक्का उजेडाकडे धरला.

"सर, नकलेसाठी अर्ज केला १६ मार्चला. नक्कल तयार झाली १२ एप्रिलला."

"हो. मग?"

"हे दिवस मुदतीत धरत नाहीत. नक्कल मिळायला लागलेला वेळ वजा करायचा. लिमिटेशन ॲक्टचं बारावं कलम." तिने लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडे मांडले. "अठ्ठावीस दिवस. म्हणजे १३ एप्रिलच्या पुढं अठ्ठावीस. ११ मे पर्यंत मुदत होती, सर. आणि मे महिन्यात दिवाणी कोर्टाला सुट्टी असते. त्या सालीही असली, तर कोर्ट उघडलं त्या दिवशीसुद्धा अपील घेतलं असतं."

मी आकडे दोनदा तपासले. १६ एप्रिल ते ११ मे. पंचवीस दिवस.

आतल्या खोलीतून वडिलांचा आवाज आला. त्यांना आता कमी ऐकू येते, पण कागदाची खसखस त्यांनी ओळखली असावी. "काय म्हणते रे पोरगी? काही निघालं का त्यात?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी कागद घडी करून पुन्हा ट्रंकेत ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "काही नाही, अण्णा. अक्षर बघते आहे."